घणाची जागा

माझा उजवा पाय लहानपणापासून हलतो. बसलो की गुडघा हलतो, उभा राहिलो की टाच आपटते. शाळेत त्यापायी पट्ट्या खाल्ल्या. आईने पाय हलवणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही असं बजावून पाहिलं, आणि बायकोने तर लग्नाच्या पहिल्या वर्षातच हात टेकले. सत्यनारायणाला बसलो की भटजी माझ्या गुडघ्याकडे बघत पोथी भराभर उरकायचे. स्वस्थ बसणं हा प्रकार मला जमलेला नाही आणि आता जमायचं वयही राहिलेलं नाही. याच पायाने मी एका लाँग प्ले रेकॉर्डवर ड्रम वाजवलेत, असं सांगितलं की लोक कौतुकाने मान हलवतात आणि विषय बदलतात. मला त्याचा राग येतो.

साठच्या दशकात डिप्लोमा संपवून मी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागलो आणि चिंचवडला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला बाजरी आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या नव्या शेड असं सगळं होतं. आमच्या खोल्यांपासून हाकेच्या अंतरावर एक फोर्ज शॉप होतं. लालभडक लोखंड साच्यावर ठेवायचं आणि वरून मोठा हॅमर सोडायचा, हे तिथलं काम. सगळे त्याला घण म्हणायचे. तो पडला की जमीन हादरायची, मांडणीवरची भांडी किणकिणायची, कपातला चहा थरथरायचा. बोलणारा माणूस वाक्याच्या मधे थांबायचा, घण पडू द्यायचा आणि तिथूनच पुढे बोलायला लागायचा. पाहुण्यांना हे फार विचित्र वाटे. आम्हाला त्यात काही वाटेनासं झालं होतं. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. त्या दिवशी घण बंद, आणि चाळीतली तान्ही पोरं नेमकी त्याच दिवशी झोपायची नाहीत.

ज्याला आम्ही पुढे मास्टर म्हणायला लागलो, तो मला कंपनीच्या कँटीनमध्ये भेटला. पर्चेस खात्यातला, पुण्याच्या कॅम्पातला ख्रिस्ती माणूस, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट. बोलताना त्याला अहोजाहो करायचो, पण आठवणीत तो एकेरीतच येतो, त्याला माझा इलाज नाही. मी जेवून टेबलावर बोटं आणि खाली टाच आपटत बसलो होतो. समोरचे फोरमन वैतागून म्हणाले, राव, जरा दम खा की. तेवढ्यात हा माणूस ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला की पाय बरोबर आहे, हात घाई करतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या पायाची बाजू घेतली होती. मी त्याच्या मागे गेलो नसतो तरच नवल.

तरुणपणी मास्टर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ पियानो वाजवायचा. हॉटेलांतले बँड एकेक करून बंद पडले तसा तो सिनेमाच्या वाद्यवृंदात गेला. तिथे बरीच वर्षं काढली. पुढे बायको वारली, मुलगी लहान होती, म्हणून बांधल्या पगाराची नोकरी धरून तो इकडे आला. त्याने वाजवलेला पियानो तेव्हा घरोघर रेडिओवर वाजत असे, पण एकाही तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. हे तो तक्रारीच्या सुरात सांगायचा नाही. मात्र सांगायचा वरचेवर. त्याला जन्मात एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या चालींची एक रेकॉर्ड आणि तिच्यावर स्वतःचं नाव. बाकी कशाबद्दल मी त्याला हट्ट करताना पाहिलं नाही.

पियानो होता फोर्ज शॉपच्या भिंतीला लागून असलेल्या आमच्या कंपनीच्या एका शेडमध्ये. कुणी परदेशी मॅनेजर मायदेशी परतताना तो मागे टाकून गेला होता, आणि कंपनीने तो फुटलेल्या कॅरम बोर्डांबरोबर तिथे ठेवून दिला होता. घणाच्या हादऱ्यांनी त्याच्या तारा सारख्या उतरायच्या. मास्टर दर वेळी आधी चावी घेऊन त्या पिळत बसायचा, मग वाजवायला घ्यायचा. माझ्यासाठी त्याने कॅम्पातल्या एका बंद पडलेल्या बँडचे ड्रम आणले. तिसरा आमचा बासवाला. तो पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातला, कंपनीत सुतारखात्यात होता आणि गावच्या भजनात एकतारी धरायचा. माणसाएवढं ते डबल बास नावाचं वाद्य पहिल्यांदा हातात आलं तेव्हा त्याने ते आधी उलटंपालटं करून लाकूड बघितलं आणि मग तारेला बोट लावलं. त्याचं बोट पहिल्यापासून जागेवर पडायचं. मला सहा महिने लागले आणि मास्टरच्या असंख्य शिव्या.

जॅझ म्हणजे काय असं बायकोने विचारलं तेव्हा मी तिला म्हटलं, बंदिश थोडी आणि फिरत फार. ती म्हणाली की तुम्हाला शोभेल असंच आहे. खरं तर मला स्वस्थता नव्हती म्हणूनच ते मानवलं. पुढच्या क्षणी मास्टर कुठे वळेल त्याचा नेम नसे. सावध राहावं लागे, आणि सावध राहिलं की माझ्या अंगातली तगमग कामाला लागायची. फर्स्ट शिफ्ट सुटली की आम्ही तिघे शेडमध्ये. असं एकदोन नव्हे, कित्येक वर्षं चाललं. गुरुवारी मात्र कधी नाही, कारण गुरुवारी वॉचमन सुट्टीवर आणि शेडला कुलूप.

भिंतीपलीकडे घण चालू असताना वाजवणं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. घण पडला की आम्हाला एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. सुरुवातीला मास्टर चिडायचा. मग तो चालीचा एक तुकडा गोल गोल फिरवत राहायला लागला. पलीकडून लोखंड ओढल्याचा आवाज आला की आता घण येणार हे कळायचं. मग तो दोन्ही हात उचलायचा, आम्हीही थांबायचो, घण पडायचा, आणि त्याच्या पाठोपाठ तिघे एकदम पुढच्या भागात शिरायचो. ते शिरणं इतकं झकास जमायचं की अंगावर काटा यायचा. आधी तो नाइलाज होता, मग ती सवय झाली आणि शेवटी मास्टरच्या प्रत्येक चालीत ती जागा आली. यातलं काहीच आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही घणाला शिव्या घालत होतो आणि त्याच्याच भरवशावर वाजवत होतो.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मास्टरचा हॉटेलाच्या दिवसांतला एक सोबती रेकॉर्ड कंपनीत मोठ्या जागेवर गेला. त्याने शब्द टाकला आणि मास्टरला मुंबईतला एक स्टुडिओ एका दिवसासाठी मिळाला. सकाळी शिरायचं, संध्याकाळी बाहेर पडायचं, तेवढ्यात जे होईल ती रेकॉर्ड. पुन्हा मागायला जायचं नाही, असं त्या सोबत्याने हसत पण स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही गुरुवार घेतला. तिघांची सुट्टी आयती होती आणि रजेसाठी कुणापुढे नाक घासायला नको होतं.

बासवाल्याच्या चुलतभावाचा टेंपो होता. डबल बास गोधडीत गुंडाळून, ड्रम दोराने बांधून आम्ही पहाटे निघालो. बोरघाटात एक ट्रक आडवा पडला होता. रांग हलेना. मी तीनदा उतरून पुढे जाऊन बघून आलो, जसा काही मी बघितल्याने ट्रक उठणार होता. मास्टर पुढच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसला होता आणि त्याची बोटं पँटवर वाजवत होती. मला त्या दिवशी कळलं की माणूस स्वस्थ दिसतो याला काही अर्थ नसतो. पोचलो तेव्हा चांगलाच उशीर झाला होता.

स्टुडिओचं दार मागे बंद झालं आणि माझ्या कानांना दडे बसल्यासारखं झालं. भिंतींना गाद्या, खाली जाड गालिचा, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. मला माझ्याच शर्टाची सळसळ ऐकू यायला लागली. पियानो असा की त्याला नुसतं बोट लागलं तरी सूर चमकायचा. मास्टरने तो थोडा वाजवून बघितला आणि मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत तारा पिळण्यात गेलेला वेळ त्याला आठवला असावा.

पहिली चाल सुरू झाली आणि काय वाजवलं मास्टरने. बासवाल्याचे डोळे मिटलेले, माझा पाय खुशीत. तुकडा गोल फिरायला लागला, एकदा, दोनदा. मास्टरने हात उचलले. मी काठ्या धरल्या. बासवाल्याने तारेवर तळवा ठेवला. आणि आम्ही थांबलो.

तिघेही तसेच. मास्टरचे हात हवेत, माझ्या काठ्या हवेत. कितीतरी वेळ. शेवटी काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हिंदीत विचारलं की काय झालं, काही तुटलं का. मास्टर हसला आणि म्हणाला, काही नाही, परत घेऊ. परत घेतली. पुन्हा त्याच जागेवर तिघांचे हात वर. आता मात्र कुणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी थांबायचं नाही असं ठरवून वाजवलं, तर मास्टर आधी शिरला, मी मागून धडपडलो आणि बासवाला भलतीकडेच गेला. दुसरी चाल घेतली, तिसरी घेतली. प्रत्येकीत तेच. घड्याळ पुढे जात होतं, टेप फुकट चालली होती, आणि रेकॉर्डिस्टचा चेहरा लांबत चालला होता. त्याच्या मदतनिसाने हळूच सुचवलं की बाहेर एक पट्टीचा ड्रमर बसलाय, बोलावू का. मला काठ्या त्याच्या अंगावर फेकाव्याशा वाटल्या. त्याहून वाईट म्हणजे मास्टरने हो म्हणावं असंही वाटलं, कारण त्याची रेकॉर्ड माझ्या डोळ्यांदेखत हातची जात होती.

मास्टरने त्या माणसाकडे लक्षच दिलं नाही. तो पियानोच्या झाकणाकडे बघत बसला होता. तेव्हा बासवाला बोलला. सकाळपासून त्याने तोंड उघडलं नव्हतं.

"मास्तर, हितं घण न्हाई. आपण कुनाची वाट बघतुया?"

मी उठून बाहेर गेलो. बोळकांडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या, बटाटावडा घेतला आणि न खाता तसाच कागदात ठेवला. ज्या घणाने माझी झोप, माझे कप, माझं अर्धं बोलणं खाल्लं, तो मुंबईपर्यंत आमच्या मागे आला होता, आणि आला नव्हता म्हणूनच सगळं अडलं होतं. एवढा संताप मला क्वचितच आला असेल, आणि तो काढायचा तरी कुणावर? लोखंडावर?

आत गेलो तर मास्टर बाह्या दुमडत होता. त्याचा निर्णय झालेला दिसत होता.

"तो येणार नाही, मॅन," तो मला म्हणाला. "पण आपण थांबायचं. तो आलाय असं समजून थांबायचं, आणि मग शिरायचं."

मी विचारलं, "कधी शिरायचं ते कळणार कसं?"

"तुझ्या पायावरून. तुला ठाऊक नाही? आख्ख्या दिवसात तो तेवढाच थांबतो, घण पडताना. तो परत हलला की आम्ही येतो."

मला खरंच ठाऊक नव्हतं. पण त्या दोघांना ते केव्हापासून ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या चाली वाजवल्या, एकही पुन्हा घ्यावी लागली नाही. प्रत्येक चालीत ती जागा आली, प्रत्येक वेळी आम्ही थांबलो, आणि त्या गाद्यांच्या खोलीत, त्या मेल्यासारख्या शांततेत, मला जमीन हादरल्यासारखी वाटली. मग पाय उठायचा आणि तिघे एकदम आत. मी पुष्कळ वर्षं ड्रम वाजवले, पण त्या दुपारइतके चांगले पुन्हा कधी वाजवता आले नाहीत.

निघताना रेकॉर्डिस्ट टेपमधले चुकलेले तुकडे ब्लेडने कापून काढत होता आणि उरलेली टेप चिकटपट्टीने जोडत होता. त्याचे हात गवारीच्या शेंगा निवडल्यासारखे सरावाने चालत होते. त्याने विचारलं की मधल्या रिकाम्या जागा काढून टाकायच्या ना. मास्टर म्हणाला, नाही, त्या तशाच राहू द्या. रेकॉर्डिस्टने खांदे उडवले आणि ठीक आहे म्हणाला.

पुढचे महिने मी कसे काढले ते बायकोला विचारा. पोस्टमन गल्लीत दिसला की मी गॅलरीत. कंपनीत माझ्या हातून चांगले पार्ट रिजेक्ट झाले आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. मास्टर मात्र शांत होता, म्हणजे शांत दिसत होता. तो आता शेडमध्ये नवं काही वाजवत नसे, त्याच चाली पुन्हा पुन्हा घ्यायचा.

रेकॉर्ड आली ती एका सोमवारी. मास्टरने शेडमध्ये कुणाचा तरी रेकॉर्ड प्लेअर मागून आणला होता. पाकिटावर दारूचा ग्लास हातात घेतलेली एक बाई होती, जिचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण वर मोठ्या अक्षरांत मास्टरचं नाव होतं, आणि मागे बारीक अक्षरांत आम्हा दोघांचं. सुई टेकली. पियानो उमटला तसा बासवाला खाली सिमेंटच्या पोत्यावर बसला. मला बसवेना. तुकडा फिरायला लागला, एकदा, दोनदा. मी श्वास धरला.

आणि चाल पुढे गेली. जागाच नव्हती. कापली होती. इतकी सफाईने जोडली होती की नवख्या माणसाला शंकाही आली नसती. आम्ही तिथे कधी थांबलोच नव्हतो. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे घण पडला, तो नेमका मास्टरच्या सगळ्यात सुंदर सुरावटीवर, आणि ती बुडाली.

मी तोंडाला येईल ते बोललो. आत्ताच्या आत्ता मुंबईला जाऊ, त्या माणसाची गचांडी धरू, सगळ्या रेकॉर्डी परत करू, असं बरंच काही. बासवाला म्हणाला, "आसं कसं केलं त्येनी? आपल्याला इचारलं बी न्हाई." मास्टर पाकिटावरून अंगठा फिरवत होता.

"नाव बरोबर छापलंय," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. माझ्या मते त्याने भांडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, निदान ती रेकॉर्ड बाजूला फेकायला हवी होती. तो उठला आणि प्लेअरपाशी जाऊन उभा राहिला. दुसरी चाल लागली होती. तुकडा फिरायला लागला तसं त्याने सुईच्या दांडीखाली बोट धरलं, आणि नेमक्या जागेवर दांडी उचलली. शेडमध्ये शांतता झाली. आम्ही थांबलो. पलीकडे लोखंड ओढल्याचा आवाज आला, घण पडला, मास्टरने दांडी खाली सोडली, आणि आम्ही तिघे रेकॉर्डमधून एकदम आत शिरलो. बासवाला पोत्यावरून उठून उभा राहिला. पुढची प्रत्येक चाल मास्टरने तशीच ऐकवली. सुई दर वेळी कुरकुरत टेकत होती आणि तबकडीवर चरे पडत होते.

पुढे तो रिटायर झाला आणि कॅम्पात मुलीकडे राहायला गेला. फोर्ज शॉपमध्ये संप झाला, तो मिटला आणि वर्षाभरात तेही बंद पडलं. पहिले काही दिवस आमच्या चाळीत कुणाला नीट झोप लागली नाही. ऐंशी साल उलटलं आणि लवकरच मास्टर वारला. महिन्याभराने त्याची मुलगी आमच्याकडे आली, हातात कागदात गुंडाळलेली रेकॉर्ड. तिला फार संकोच वाटत होता. म्हणाली, बाबांकडे कोऱ्या करकरीत प्रती होत्या, त्या त्यांनी नातेवाइकांना वाटून टाकल्या. स्वतःजवळ ही एवढीच ठेवली होती. हिच्यावर चरे पडलेत, नीट वाजत नाही, पण तुम्हालाच द्यायची असं सांगून गेलेत. मी तिला चहा घ्यायला सांगितलं आणि आत जाऊन तोंड धुऊन आलो.

ती रेकॉर्ड मी अजून लावतो. तुकडा फिरतो, एकदा, दोनदा, मग चरा येतो आणि खट्‌ असा आवाज होतो. बायकोला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण तीही तेवढ्यापुरती बोलायची थांबते, आणि माझा पाय थांबतो.